दिवसभर त्या गावात कोण असणार?

"ताई, नमस्कार. आम्ही कर्वेनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी, मिस्टर, चौथीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातून तीनच दिवस जावं लागतं. मी शिवाजीनगरला एका संस्थेत हिशेब बघते, मला रोज जावं लागतं. पुण्यात घर घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. मिस्टरांनी तळेगाव दाभाड्याला टू बीएचके बघितलाय आणि टोकन द्यायची घाई करतायत. म्हणतात, हवा चांगली, गर्दी नाही, पोरीला खेळायला मोकळी जागा. सासूबाई काही बोलत नाहीत, त्यांचं मंगळवारचं भजनी मंडळ इथे आहे. मला झोप लागत नाही. मी गडहिंग्लज तालुक्यातल्या खेड्यातली. तिकडे मी कोणाच्या गाडीवर बसले हे मी घरी पोचायच्या आत आईला कळायचं. पुण्यात चौदा वर्षं झाली, इथे मला कोणी ओळखत नाही हेच माझं सुख. आता परत सगळ्यांना सगळं माहीत असतं अशा ठिकाणी जायचं का? आणि गेलोच, तर तिथली माणसं आपल्याला आपलं म्हणतील का? मैत्रिणी विचारतात, तळेगावात आहे काय? काय करू? – एक वाचक, कर्वेनगर"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि घरातल्या चौघांपुढे सकाळी आठ ते रात्री आठ कोण कुठे असेल ते लिहिलं. मिस्टर तीन दिवस हिंजवडीला, दोन दिवस घरात लॅपटॉपसमोर. लेक शाळेत, नंतर घरी. तुम्ही आठच्या आत बाहेर, रात्री साडेसात-आठला परत. सासूबाई बाराच्या बारा तास तळेगावात.

हा कागद मिस्टरांनाही दाखवा. त्या गावात दिवसभर राहणार आहेत सासूबाई आणि लेक. रोजच्या प्रवासाचा भार पडणार तुमच्यावर. आणि टोकनची घाई करतोय तो माणूस, ज्याचा दिवस सगळ्यांत कमी बदलणार आहे. मी त्यांना दोष देत नाही. स्वतःचं घर व्हावं म्हणून त्यांची धडपड चाललीय, आणि ती तुम्हा सगळ्यांसाठीच आहे. पण घर कुठे घ्यायचं हे ठरवताना पहिला शब्द त्यांचा असावा, ज्यांचा दिवस तिथे जाणार आहे. तुमच्या पत्रात लेकीच्या मनात काय आहे ते नाही. सासूबाई "काही बोलत नाहीत" एवढंच आहे. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्याकडे परत येते.

आधी माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. तळेगावात मी बारा वर्षं राहिले. २००६ साली नारायण पेठेतून गेले, २०१८ साली वडिलांच्या आजारपणामुळे पुण्यात परतले. जाताना रडले होते, परत येतानाही रडले.

पहिलं वर्ष फार जड गेलं. पेठेत राहणाऱ्या माणसाला संध्याकाळ कशी घालवायची हा प्रश्नच पडत नाही. पायात चपला सरकवल्या की लक्ष्मी रस्ता, दहा मिनिटांवर भरत नाट्य मंदिर. तळेगावात संध्याकाळी सातला मी गॅलरीत उभी राहायचे आणि समोरच्या इमारतीतले दिवे मोजायचे. त्यात तिथला पाऊस. पुण्यात पाऊस येऊन जातो, मावळात तो मुक्कामाला येतो. पहिल्याच श्रावणात कपाट उघडलं, तर लग्नातल्या शालूच्या घडीवर पांढरी बुरशी. तो शालू मी वाळत कुठे घालणार होते? बाहेर पंधरा दिवस ऊन नव्हतं. पंख्याखाली दोन खुर्च्यांवर पसरून ठेवला आणि आईला फोन करून म्हणाले, माझी चूक झाली.

चूक झाली नव्हती, पण ते कळायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या ह्यांना डेंग्यू झाला. मी दोन दिवस खाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार दारात, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात दोन शहाळी. "वहिनी, दोन दिवस दिसला नाहीत, म्हणून वर आलो." पैसे द्यायला गेले तर म्हणाले, वहीत मांडतो, नंतर बघू. पुढचे आठ दिवस त्यांचा मुलगा रोज सकाळी येऊन काय हवंय विचारून जायचा. आणि याच माणसाने, माझ्या मुलाने इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्याची बातमी मी कोणालाही सांगायच्या आत अख्ख्या आळीला दिली होती. मला तेव्हा फार लागलं होतं. आज विचार करते तेव्हा दिसतं की शहाळीही त्याच ओळखीतून आली होती आणि ती बातमीही. यातलं एक ठेवून दुसरं परत करता येत नाही. तुम्ही जाल तर दोन्ही पत्करूनच जा.

आता तुमची खरी भीती. तुम्ही ज्या गावातून आलात आणि तळेगाव, यात एक मोठा फरक आहे. तुमच्या खेड्यात भावकी होती. तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून लोकांना तुमच्या आजोबांची जमीन, बांधावरची भांडणं, आईचं माहेर, सगळं ठाऊक होतं. तुम्ही कोणाच्या गाडीवर बसलात याचा हिशेब मागायचा हक्क त्यांना आहे असं ते धरून चालायचे. तळेगावात तुमची भावकी नाही. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या छप्पन हजारांच्या आसपास होती, त्यानंतर नव्या इमारती किती उठल्यात हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंच असेल. तुमच्या खेड्याच्या मानाने ते मोठं शहर, आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत त्याच जनगणनेत एकतीस लाख माणसं होती, त्या मानाने अगदी लहान. अशा मधल्या आकाराच्या गावात माणसं तुम्हाला ओळखतात ती तुम्ही कोणाची कोण म्हणून नाही, तुम्ही काय करता त्यावरून. मला तिथे कोणी अमक्याची सून म्हटलं नाही. मी "वाचनालयातल्या ताई" होते. तुम्ही कदाचित "सकाळच्या लोकलच्या ताई" व्हाल.

चौकशा मात्र होतील. पहिल्या आठ दिवसांत शेजारीण विचारेल, घर स्वतःचं की भाड्याचं, आडनाव काय, मूळ गाव कुठलं, एकच मुलगी का. आडनावामागचा प्रश्न काय असतो हे तुम्हालाही कळतं, मलाही. यात मी साखर घालून सांगणार नाही. मी तिथे असं करायचे की जे सांगायचं ते आपणहून, हसून, एकदाच सांगून टाकायचं. जे सांगायचं नाही त्यावर "ते राहू दे" म्हणायचं आणि त्यांच्याबद्दल विचारायचं. दोन-तीनदा असं झालं की माणसं तुमची हद्द ओळखतात. खेड्यात ही हद्द तुम्हाला आखताच आली नसती, कारण तेव्हा तुम्ही मुलगी होतात. आता तुम्ही कमावत्या बाई आहात आणि घर तुमच्याही नावावर असणार आहे. असणार आहे ना? नसेल तर टोकनच्या आधी ते बोलून घ्या.

मैत्रिणी विचारतात, तळेगावात आहे काय. त्यांना सांगा, १९०८ साली तिथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून जो फंड जमवला, त्यातून. कोल्हापुरात प्राध्यापक असलेल्या विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय याच गावात होतं, स्वदेशीच्या चळवळीतलं, इंग्रज सरकारने बंद पाडलेलं. गो. नी. दांडेकर जन्मले विदर्भात, परतवाड्याला, आणि घर केलं तळेगावात. हे सगळे बाहेरून आलेले. तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातून आलात, विजापूरकरही तिकडूनच आले. त्या गावाला बाहेरची माणसं नवी नाहीत. आपलं म्हणतील का, असं तुम्ही विचारता. म्हणतील, पण तुम्ही त्यांच्यात जाल तेव्हा.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. तळेगावात तीन वेगळी गावं नांदतात. गाव भागात जुनी घरं, सरदार दाभाड्यांच्या काळापासूनची, ग्रामदैवत डोळसनाथाची यात्रा ज्यांच्या घरची असते ती माणसं. स्टेशन भागात निवृत्त लोक आणि जुने बंगले. आणि आता चहूबाजूंनी नव्या सोसायट्या, त्यांत चाकण, तळेगाव एमआयडीसी नाहीतर हिंजवडीला जाणारी तुमच्यासारखी कुटुंबं. या तिघांची गाठ आपोआप पडत नाही. सोसायटीतली बरीच कुटुंबं शनिवार-रविवार पुण्यात काढतात, सामान मोबाइलवर मागवतात, आणि पाच वर्षांनी म्हणतात, इथे कोणी आपलं नाही. कसं असेल? भाजी गाव भागातल्या बाजारातून आणा. तिथे मावळातल्या बायका इंद्रायणी तांदूळ घेऊन बसतात. हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ साली आलेला. त्यांच्याकडून नवा तांदूळ घेताना पाणी किती घालायचं ते विचारा. मी विचारलं नव्हतं, जुन्या तांदळाएवढं पाणी घातलं आणि भाताचा गोळा झाला. पुढच्या आठवड्यात तक्रार करायला गेले, ती बाई हसली आणि तिने शेजारी पोतं टाकून मला बसवूनच घेतलं. तिच्याकडून मी दहा वर्षं तांदूळ घेतला. "कलापिनी" या तिथल्या सांस्कृतिक संस्थेत मुलांची नाटकं बसतात, लेकीला आवड असेल तर तिथे घेऊन जा. लेकीच्या मागोमाग आईच्याही ओळखी होतात.

आता तुमचा प्रवास, कारण त्याचा विचार मिस्टरांनी केलेला दिसत नाही. आज तुम्ही कर्वेनगरहून शिवाजीनगरला अर्ध्या-पाऊण तासात पोचता. तळेगावहून लोकलला पाऊण तास, त्यात घर ते स्टेशन आणि शिवाजीनगर स्टेशन ते ऑफिस धरा. एका बाजूचा सव्वा तास तरी झाला. शिवाजीनगरला उतरल्यावर मेट्रो आहे, पण तुमचं ऑफिस चालत जाण्याइतकं असेल तरच हे गणित सुसह्य. दुपारी लोकलमध्ये मोठी खिंड पडते, तेव्हा लेकीच्या शाळेतून "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन आला तर तुम्ही लगेच पोचू शकणार नाही. त्या वेळी जाईल असं तळेगावातलं कोणीतरी हवं. हे "कोणीतरी" कोण, याचं उत्तर सापडेपर्यंत घर घेऊ नका.

बायकांच्या डब्याबद्दल मात्र चार शब्द चांगले लिहिते. पत्र वाचताना वाटलं, तुम्हाला मैत्रिणी आहेत, पण त्या रोजच्या नाहीत. मी आठवड्यातून चार दिवस लोकलने यायचे. थंडीत आमच्या डब्यात मटार सोलले जायचे. एकीने पिशवी उघडली की शेजारच्या तिघींचे हात त्यात. चिंचवडपर्यंत दाणे एका पिशवीत, सालं दुसऱ्या पिशवीत, आणि मधल्या वेळात कोणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन, कोणाच्या बदलीचं, सगळं बोलून व्हायचं. माझ्या वडिलांना पहिला झटका आला त्या सकाळी मी डब्यात बसले होते. फोन आला आणि मला काही सुचेना. शिवाजीनगरला एक बाई माझ्याबरोबर उतरली, रिक्षात बसून हॉस्पिटलपर्यंत आली, आणि मग आपल्या कामावर गेली, दीड तास उशिरा. तोवर मला तिचं आडनावही माहीत नव्हतं.

पण रोज अडीच तास म्हणजे, सहा दिवस धरले तर, आठवड्याला पंधरा तास. ते तुमच्या अंगातून जाणार. ऑफिसात आठवड्यातून एक-दोन दिवस घरून हिशेब बघता येतील का, हे आत्ताच विचारून ठेवा. आणि सकाळचा डबा, लेकीची वेणी, पाण्याची वेळ, यातलं काय काय मिस्टर करणार आहेत, तेही आत्ताच ठरवा. दोन दिवस ते घरी असतात, आणि हिंजवडीला जायच्या दिवशीही ते तुमच्यानंतर निघणार.

घराबद्दल थोडक्यात. आम्ही ज्या बिल्डरकडून घेतलं त्याने चार वर्षं भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला, आणलं नाही. तोवर टँकरवर दिवस काढले आणि हेलपाटे घालून माझी चप्पल झिजली. तेव्हा महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, नव्हतं, ते २०१७ पासून आलं. आज तुम्ही प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून त्याची कुंडली घरबसल्या बघू शकता, ती बघा. राहायला तयार इमारत असेल तर भोगवटा पत्र हातात घेऊन वाचा, "येतंय" हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि तिथल्याच कोणा बिऱ्हाडाचं दार वाजवून विचारा की एप्रिल-मेमध्ये टँकर किती मागवावे लागतात आणि मेंटेनन्स त्या महिन्यांत किती येतो. सेल्स ऑफिसात हे कोणी सांगणार नाही.

आता सासूबाई. ७१ व्या वर्षी माणूस "काही बोलत नाही" तेव्हा बरंच काही गिळत असतो. कर्वेनगरात त्यांचं काय काय आहे ते त्यांच्याजवळ बसून एकदा मोजा. मंगळवारचं भजन, नेहमीचा डॉक्टर, ज्याच्याकडून त्या निवडून पालेभाजी घेतात तो भाजीवाला, ज्या बाकावर बसतात तो बाक. हे सगळं एका ट्रकमध्ये भरून नेता येत नाही. माझी सासू आमच्याबरोबर तळेगावला आली तेव्हा पहिले सहा महिने ती दुपारी दार उघडं ठेवून बसायची. मी विचारलं, का? म्हणाली, जिन्यात पावलं वाजली तर बरं वाटतं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण सासूबाईंच्या बाजूने तळेगावात एक मोठी गोष्ट आहे, ती कदाचित त्यांना कोणी सांगितलीच नसेल. देहू तिथून जवळ. तुकोबा जिथे जाऊन बसायचे तो भंडारा डोंगर त्याहून जवळ. भजन म्हणणाऱ्या बाईला यापेक्षा काय हवं? मावळात गावोगाव भजनी मंडळं आहेत आणि टाळ धरणाऱ्या हाताला कोणी आडनाव विचारत बसत नाही. माझ्या सासूला शेवटी तेच सापडलं. गाव भागातल्या एका मंडळात ती जायला लागली आणि मग दुपारी दार लावून झोपायला लागली.

म्हणून असं करा. टोकन थांबवा. बिल्डर म्हणेल, दर वाढतील. वाढू देत. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना लोकलने घेऊन जा, गाडीने नको. स्टेशनला उतरा, रिक्षाचं भाडं आधी ठरवून गाव भागात जा, डोळसनाथाच्या देवळात बसा, तिथल्या बायकांना विचारा की भजन कुठल्या वारी असतं. त्या दिवशी फ्लॅट बघायला जाऊ नका. परत येताना त्यांना विचारा, आणि त्या बोलेपर्यंत गप्प बसा.

त्या हो म्हणाल्या, तर लेक पाचवीत जाईल तेव्हा जूनमध्ये अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर तिथे राहायला जा. पाचवीला बऱ्याच मुलांची शाळा तशीही बदलते, त्यामुळे वर्गात नवी ती एकटी नसेल. जून म्हणजे पावसाच्या तोंडावर. मुद्दाम सांगतेय. आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, सकाळी स्टेशनपर्यंत छत्री उलटी होते, तेव्हा तुम्हाला ते गाव कसं वाटतं ते बघा. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच तळेगाव आवडतं. अकरा महिन्यांचं भाडं वाया गेलं असं मिस्टर म्हणतील. त्यांना माझा शालू सांगा.

त्या नाही म्हणाल्या तर कर्वेनगरातच राहून घराचा शोध चालू ठेवा, धायरी-नऱ्ह्यापासून वारज्यापर्यंत. लहान घर मिळेल, मनासारखं नसेल, पण मंगळवार त्यांचा राहील.

आणि तुमच्या सुखाचं काय, कोणी न ओळखण्याच्या? चौदा वर्षांपूर्वी ते सुख तुम्हाला हवं होतं आणि ते तुमच्या हक्काचं होतं. आजही हवं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, ते कारण पुरेसं आहे, त्यासाठी दुसरी कारणं शोधायची गरज नाही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा एकदा हेही आठवून बघा की गेल्या वर्षात तुम्ही आजारी पडलात तेव्हा दार कोणी वाजवलं होतं.

लोकलच्या फेरीनंतर मला परत लिहा. सासूबाई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आणि लेकीला विचारायचं राहिलं असेल तर तिलाही विचारा.